दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर: पास, रिझर्व्हेशन आणि कूरची आठ मिनिटं

नमस्कार.

तुमचा अभिप्राय रविवारी रात्री वाचला. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर चिडून लिहिलं असतं, म्हणून दोन दिवस थांबले.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि ७२ वर्षांच्या आई, अशा चौघांची पॅरिस ते व्हिएन्ना ही १४ रात्रींची रेल्वे सहल आमच्या नाशिकच्या ऑफिसनं आखून दिली. पॅरिस, लाउटरब्रुनेन (युंगफ्राउच्या पायथ्याचं स्विस गाव), झ्युरिक, मिलान, व्हेनिस, व्हिएन्ना. तुमच्या तक्रारी अशा: युरोपातल्या रेल्वेंचा युरेल पास काढूनही गाडीगाडीला वेगळे पैसे भरावे लागले, स्वित्झर्लंडमधल्या कूर स्टेशनवर बर्निना एक्स्प्रेस (आल्प्स ओलांडून इटलीत उतरणारी, काचेच्या डब्यांची पर्यटक गाडी) चुकली आणि ‘साध्या लोकलनं फरफटत’ जावं लागलं, युंगफ्राउच्या डोंगररेल्वेचं तिकीट वेगळं काढावं लागलं, वर फक्त ढग दिसले, आणि पैसे वाचवायला आम्ही तुम्हाला व्हेनिसबाहेर मेस्त्रेमध्ये ‘नेऊन टाकलं’. शिवाय व्हिसाचा अर्ज फ्रान्सकडे का नाही, आणि जेवणाचे हाल.

कूरची चूक माझी आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल.

झ्युरिकहून कूरला दर अर्ध्या तासानं गाडी आहे. मी तुम्हाला जी दिली ती कूरला बर्निना एक्स्प्रेस सुटण्याआधी आठ मिनिटं पोचते. स्वित्झर्लंडमध्ये आठ मिनिटं पुष्कळ झाली. मी स्वतः सॅक पाठीला लावून तिथं याहून कमी वेळात गाडी बदललेली आहे. पण चार मोठ्या बॅगा, अर्धवट झोपेतली मुलगी आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आई यांच्यासाठी एका फलाटावरून भुयारी मार्गात उतरून दुसऱ्या फलाटावर चढायचं म्हणजे आठ मिनिटं काहीच नाहीत. तुमची गाडी वेळेवर आली, बर्निना एक्स्प्रेस वेळेवर सुटली, आणि तुम्हाला तिचे शेवटचे लाल डबे तेवढे दिसले. आईंच्या गुडघ्यांबद्दल तुम्ही फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचलंही होतं. अर्धा तास आधीची गाडी का दिली नाही? तर हॉटेलचा नाश्ता साडेसहाला सुरू होतो, तो बुडू नये म्हणून. यापेक्षा बरं कारण माझ्याकडे नाही. नाश्ता डब्यात बांधून मिळाला असता, मी विचारायला हवं होतं.

आता ती ‘साधी लोकल’. इथं मात्र मला थोडं बोलू द्या, कारण हा भाग वाचून एखाद्याला वाटेल की तुमचा डोंगरच बुडाला.

बर्निना एक्स्प्रेस ज्या रुळांवरून जाते त्याच रुळांवरून ऱ्हेटियन रेल्वेच्या रोजच्या गाड्या तासातासाला धावतात. कूर ते सेंट मॉरिट्झ एक गाडी, तिथं बदलून इटलीतल्या तिरानोपर्यंत दुसरी. लांडवासरचा ६५ मीटर उंच दगडी पूल तोच, जिथं गाडी पूल संपतासंपता थेट कड्यातल्या बोगद्यात शिरते. ओस्पित्सिओ बर्निनाचं २,२५३ मीटरवरचं स्टेशन तेच. ब्रुसिओचा गोल पूल तोच, जिथं गाडी एक पूर्ण वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांखालून बाहेर पडते. २००८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला तो या मार्गाला, काचेच्या छताला नव्हे. काचेच्या डब्यातल्या खिडक्या उघडत नाहीत, फोटोत आपलंच प्रतिबिंब येतं. साध्या गाडीत काही डब्यांच्या खिडक्या खाली करता येतात. तुम्ही अभिप्रायासोबत टाकलेला ब्रुसिओचा फोटो, ज्यात मुलीचे केस वाऱ्यावर उडताहेत, तो एक्स्प्रेसमधून काढता आला नसता.

आपण नाशिककर घाटाच्या बाबतीत जरा जाणकार असतो, म्हणून हेही सांगते. कसारा घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट, आणि त्यासाठी गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. बर्निनाचा चढ जिथं सगळ्यात तीव्र आहे तिथं तो १४ ला जवळपास एक. तरीही रुळांच्या मधे चाक अडकवायला दाताची पट्टी नाही, गाडी नुसत्या चाकांवर चढते. तिरानो ४२९ मीटरवर आहे, म्हणजे शिखरावरच्या त्या स्टेशनपासून तुम्ही अठराशे मीटरहून जास्त उतरलात. बर्फातून द्राक्षांच्या मळ्यांत, तेही दीडेक तासांत. म्हणून तुमच्यासाठी मी ग्लेशियर एक्स्प्रेसऐवजी हा मार्ग निवडला होता. ती त्सेरमाट ते सेंट मॉरिट्झ आठेक तास घेते आणि शेवटी स्वित्झर्लंडमध्येच सोडते. आपल्याला डोंगर ओलांडून इटलीत उतरायचं होतं.

पासाची गोष्ट लांबलचक आहे, पण लोक सगळ्यात जास्त इथंच अडकतात.

युरेल पास म्हणजे प्रवासाचं भाडं. तो ३३ देशांत चालतो, हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं. पण काही गाड्यांत जागा धरल्याशिवाय चढताच येत नाही आणि त्या जागेचे पैसे पासात धरलेले नसतात. तुमच्या प्रवासात अशा तीन गाड्या होत्या: पॅरिसहून झ्युरिककडे जाणारी टीजीव्ही लिरिया, बर्निना एक्स्प्रेस, आणि मिलान ते व्हेनिस फ्रेच्चारोस्सा. चौथ्या, व्हेनिस ते व्हिएन्नाच्या गाडीत जागा धरा असं मी आपणहून सांगितलं, कारण इतका वेळ आईंना उभं राहायला लागलं तर ते मला चाललं नसतं. स्वित्झर्लंडमधल्या रोजच्या गाड्यांत आणि तिरानो-मिलान गाडीत एकही पैसा वेगळा लागला नाही, हेही खरं.

मुलीच्या बाबतीतला तुमचा संताप मी समजू शकते. मोठ्यांबरोबर प्रवास करणाऱ्या ४ ते ११ वर्षांच्या मुलांचा पास फुकट असतो, पण त्यांची जागा फुकट नसते. ‘फुकट’ म्हटल्यावर पुन्हा पैसे मागितले की कुणालाही फसवल्यासारखं वाटेल. माझ्या कोटेशनमध्ये पास आणि रिझर्व्हेशन हे दोन वेगळे आकडे होते, पण दुसरा तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत. आता ते दोन्ही आकडे पहिल्याच पानावर, एकाखाली एक येतात.

पण ‘पासापेक्षा सुटी तिकिटं स्वस्त पडली असती’ हे तुम्ही लिहिलंय, त्यावर एक गोष्ट लक्षात घ्या. महिनोन् महिने आधी काढलेली स्वस्त तिकिटं बहुतेक त्याच गाडीला बांधलेली असतात. ती गाडी चुकली की तिकीट गेलं. कूरला तुम्ही तिकीट खिडकीपाशी गेलात का? नाही. पुढच्या गाडीत जाऊन बसलात, सेंट मॉरिट्झला बदललंत, तिरानोला उतरून समोरच्या इटालियन स्टेशनातून मिळाली ती मिलानची गाडी धरलीत. चौघांचं एकही नवं तिकीट काढावं लागलं नाही. माझी चूक ज्यानं सावरली तो हाच पास. तो तुम्हाला स्वस्त पडेल असं मी कधी म्हटलं नव्हतं, मोकळीक देईल असं म्हटलं होतं.

युंगफ्राउयोख. ३,४५४ मीटरवरचं स्टेशन, युरोपातलं सगळ्यात उंच. आयगर आणि म्योंश या डोंगरांच्या पोटातून सुमारे ७ किलोमीटरचा बोगदा खोदून १९१२ मध्ये ही रेल्वे वर पोचली, त्याला १६ वर्षं लागली. वरची ही डोंगररेल्वे पासात येत नाही, पासधारकाला २५ टक्के सवलत मिळते. ग्रुप टूरवाल्या शेजाऱ्यांच्या कार्यक्रमात ते ‘समाविष्ट’ होतं म्हणता, तर त्यांनी त्याचे पैसे आधीच भरले होते एवढंच. ढगांसाठी मी खरोखर काही करू शकत नाही. पण मुक्कामासाठी चार रात्री मुद्दाम ठेवल्या होत्या, आणि तिकीट आधी काढू नका, सकाळी उठून वरच्या कॅमेऱ्यातलं थेट चित्र बघा, आकाश निळं दिसलं तरच निघा, असं प्लॅनमध्ये ठळक लिहिलं होतं. तुम्ही पहिल्याच दिवशीचं तिकीट घरूनच काढून ठेवलंत. तिसरा दिवस लख्ख होता, असं तुमच्याच मेसेजमध्ये आहे. (त्या दिवशी तुम्ही कपडे धुवायला थांबलात. सहलीत एक धुण्याचा दिवस लागतोच, त्यावर माझं काही म्हणणं नाही.)

मेस्त्रे. पैसे वाचले हे खरं, पण कारण ते नव्हतं. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. सांता लुचिया स्टेशनबाहेर पडलं की समोर पाणी, पुढे पूल, आणि हॉटेलपर्यंत बॅग उचलूनच न्यायची. मेस्त्रेचं हॉटेल स्टेशनसमोर होतं आणि तिथून सांता लुचिया दहाएक मिनिटांवर. गुडघे आणि बॅगा यांचा विचार मी कूरला केला नाही, पण मेस्त्रेला केला होता. मात्र तुम्ही म्हणता ते एक मान्य: रात्री कालव्याच्या काठी बसायचं राहून गेलं. हे दोन्ही पर्याय तुमच्यासमोर ठेवून निवड तुम्हाला करू द्यायला हवी होती, मी परस्पर ठरवलं.

व्हिसाबद्दल एवढंच, की उतरणार पॅरिसला म्हणून अर्ज फ्रान्सकडे करायचा असं नसतं. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच्याकडे अर्ज. तुमच्या पाच रात्री स्वित्झर्लंडमध्ये होत्या, फ्रान्समध्ये तीन. पॅरिसच्या विमानतळावर विचारलं तेव्हा तुम्ही हॉटेलांची बुकिंगं दाखवलीत आणि पुढे गेलात, हेच अपेक्षित होतं. जेवणासाठी लाउटरब्रुनेनला स्वयंपाकघर असलेली जागा घेतली होती. रविवारी स्वित्झर्लंडमधली बहुतेक दुकानं बंद असतात हे मात्र मी सांगायला विसरले, आणि तुम्ही रविवारीच पोचलात. त्या रात्री चौघांनी चिवड्यावर भागवलं, हे वाचून मला वाईट वाटलं.

आता पैशांचं. बर्निना एक्स्प्रेसच्या चार जागांचे पूर्ण पैसे आणि आमच्या आखणी शुल्कातले निम्मे, दोन्ही रक्कम काल तुमच्या खात्यात जमा केली आहे. पोचपावती ईमेलवर आहे. त्यासाठी तारे वाढवायची गरज नाही, अभिप्राय आहे तसाच राहू द्या. कूरबद्दल तो बरोबरच आहे.

आईंचा ‘दोन्ही वेळा गाडी बदलताना कुणी ना कुणी बॅग उचलून दिली’ हा निरोप तुमच्या मेसेजमधून मिळाला होता. गुडघा आता कसा आहे, ते सवडीनं कळवा.