"दत्तकाची लाईन कशाला, फॉस्टर पॅरेंट व्हा" वाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

परवा मामेभावाने फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज टाकला जो आधी सोसायटीच्या ग्रुपवर आणि शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर पण येऊन गेलाय. थोडक्यात असा: दत्तकासाठी वर्षानुवर्षं थांबता कशाला, फॉस्टर पॅरेंट व्हा, अनाथाश्रमातून बाळ लगेच मिळतं, वर सरकार महिन्याला पैसे देतं, पटलं नाही तर परत करायचं, पटलं तर दोन वर्षांनी कायमचं आपलं. खाली हात जोडलेले आणि "पुण्याचं काम, पुढे पाठवा".

आमच्याकडे सव्वा वर्षापासून एक दहा वर्षांची मुलगी फॉस्टरमध्ये आहे, म्हणजे दत्तक नाही, काही काळ सांभाळायला आमच्या घरी ठेवलीय, म्हणून ग्रुपवर सगळ्यांनी मलाच टॅग केलं. तिथे दोन ओळीत उत्तर देऊन भांडण झालं असतं, त्यापेक्षा इथे लिहिते. पोरीचं नाव, शाळा, फोटो यातलं काही सांगणार नाही, बालन्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे सांगताच येत नाही. तिच्या गॅदरिंगचे इतके गोड फोटो आहेत माझ्याकडे पण स्टेटसला एक नाही, सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.

तर पहिलं, "बाळ लगेच मिळतं". बाळ मिळत नाही आणि लगेच तर काहीच मिळत नाही. 2024 च्या केंद्राच्या नवीन गाइडलाइन्स बघा, फॉस्टर म्हणजे प्रतिपालकत्व हे साधारण 6 वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. आणि 2015 च्या याच बालन्याय कायद्याचं कलम 44 सरळ सांगतं की बालकल्याण समितीने (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी सरकारी समिती) जे मूल दत्तकयोग्य ठरवलंय ते लाँग टर्म फॉस्टरला द्यायचं नाही. म्हणजे ज्या लाईनला टाळायला हा मेसेज सांगतोय ती लाईन इथून जातच नाही. आणि अनाथाश्रमाचे अधीक्षक वगैरे कोणी मूल हातात देत नाहीत हो, अर्ज जातो जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे, मग घरी येऊन चौकशी, उत्पन्न, मेडिकल, पोलिस व्हेरिफिकेशन, आमच्याकडे तर शेजारच्या काकूंशी पण बोलून गेले, आणि शेवटी ऑर्डर काढते ती बालकल्याण समिती, एक अध्यक्ष आणि चार सदस्य.

"सरकार पैसे देतं." देतं, खोटं नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत एका मुलामागे महिन्याला 4000 रुपये आहेत. आता त्यात शाळेची फी, रिक्षा, दूध, डेंटिस्ट, आणि पोरगी वाढत्या वयाची म्हणजे दर चार महिन्यांनी चपला बसवून दाखवा आणि मग मला कमाईचं सांगा. शिवाय मेसेजवाल्यांनी यात आपल्या राज्याची बालसंगोपन योजना पण मिसळलीय असं वाटतं, कारण मामेभावाने वर "2250 मिळतात ना?" असं विचारलं. ते वेगळं. ती रक्कम 2023 पासून 2250 आहे आणि ती मुख्यतः आपल्याच घरी, एकट्या आईकडे किंवा आजी-मामाकडे वाढणाऱ्या मुलांसाठी, म्हणजे मूल बालगृहात जायची वेळच येऊ नये म्हणून. आपल्या इमारतीत धुणंभांडी करणाऱ्या एखाद्या विधवा ताईला ते मिळू शकतं, फॉरवर्डच करायचं तर हे करा.

आता खरा मुद्दा, ज्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो: "अनाथ मुलं असतात, मागे कोणी नसतं". अहो मागे कोणी असतं म्हणूनच तर बऱ्याचदा फॉस्टर असतं! कोणाची आई आजारी आहे, कोणाचा बाप जेलमध्ये, कोणाच्या घरी दारू आणि मारहाण. आमच्या मुलीला आई आहे. महिन्यातून एकदा भेटते, मला ताई म्हणते, येताना चिवडा नाहीतर राजगिऱ्याचे लाडू आणते आणि पोरगी दोन दिवस आधीपासून नखं खाते आणि भेटीनंतर दोन दिवस कोणाशी बोलत नाही. पहिल्या वेळी मला वाटलं भेटी बंद केल्या तर बरं, एवढा त्रास कशाला, मी तसं बोलूनही दाखवलं. समुपदेशक बाईंनी शांतपणे विचारलं, त्रास तिला होतोय की तुम्हाला? (उत्तर मला माहीत होतं.) कायद्यातच आहे, आईवडील सांभाळायला असमर्थ ठरले म्हणून मूल दुसऱ्या घरी ठेवलं तर त्यांना ठरावीक दिवसांनी भेटता येतं, मुलाच्या हिताविरुद्ध आहे असं समितीला वाटलं तरच ते थांबतं, आणि पुढे मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं. म्हणजे आपण ज्याला "गेली हो पोर" म्हणू तेच इथे काम फत्ते झाल्याचं लक्षण असतं. हे ज्याला झेपणार नाही त्याने दत्तकाचाच अर्ज करावा, त्यात काही कमीपणा नाही, पण मग हा मार्ग म्हणजे त्याचं मागचं दार समजू नये.

"पटलं नाही तर परत." हे अर्धं खरं आहे आणि तेच वाईट आहे. ऑर्डर मुदतीची असते, कायद्याने दर महिन्याला पाहणी करायची आहे, घर नीट सांभाळत नाही असं दिसलं तर समितीच मूल दुसरीकडे हलवते. पण ही सोय मुलासाठी आहे, आपल्यासाठी नाही. आमची पहिले तीन महिने गादीखाली पोळ्या लपवायची, वास आला तेव्हा कळलं. ती वस्तू नापसंत म्हणून परत पाठवायची होती की काय? एकदा घरातून निघालेलं मूल दुसऱ्यांदा निघालं की त्याला वाटतं आपल्यातच काहीतरी खोट आहे.

"दोन वर्षांनी आपोआप आपलं." आपोआप काही नाही. दोन वर्षांनी दत्तकासाठी अर्ज करता येतो, पूर्वी पाच होती, एवढाच बदल झालाय. तोही मूल कायद्याने दत्तकाला मोकळं झालं असेल तरच, आणि दत्तकाची ऑर्डर आता जिल्हाधिकारी काढतात. तोपर्यंत आडनाव तिचं तिचंच. शाळेत दरवेळी "आई-मुलीचं आडनाव वेगळं कसं?" याला उत्तर द्यायची सवय ठेवा, मी हल्ली नुसती हसते.

बाकी "लग्न झालेल्यांनाच मिळतं" हे कमेंटमध्ये कोणीतरी लिहिलं होतं, तेही चूक, 35 ते 60 वयाची एकटी व्यक्तीसुद्धा अर्ज करू शकते. एकट्या पुरुषाला मात्र मुलगाच.

आणि शेवटी त्या मेसेजखाली जो मोबाईल नंबर आहे ना, त्यावर प्लीज कोणी फोन करू नका. 2021 च्या मे मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आईबाप गेलेल्या दोन लहान मुलींना दत्तक घ्या म्हणून असाच मेसेज देशभर फिरला होता आणि सरकारला सांगावं लागलं की असं परस्पर मूल देणं-घेणं बेकायदेशीर आहे. बालन्याय कायद्याच्या कलम 80 मध्ये प्रक्रिया सोडून मूल दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही, आणि पैसे घेऊन मूल विकलं-विकत घेतलं तर कलम 81, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. एखादं मूल खरंच उघड्यावर दिसलं तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाईन लावा. ज्यांना खरंच प्रतिपालक व्हायचंय त्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा, पहिल्या खेपेला साहेब जागेवर नसतील, दुसऱ्यांदा जा.

मामेभावाने वाचून विचारलं, मग ती उद्या आईकडे गेली तर तुला काय मिळालं? मी अजून काही टाईप केलेलं नाही. रविवारी भेट आहे, लाडवांचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून पोरीने स्वतः त्यात शंकरपाळे भरून ठेवलेत.