पोटाच्या सातबाऱ्यावर नवं नाव

दुर्बीण टाकून झाली, जठरातला तुकडा काढून तपासला आणि रिपोर्टवर ते नाव आलं: हेलिकोबॅक्टर पायलोरी, पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी 14 दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. आम्ल कमी करणारी एक, अँटिबायोटिक दोन प्रकारची, सगळ्या सकाळ-संध्याकाळ, एकही न चुकवता. गोव्यातल्या बांबोळीहून किंवा कोल्हापूरहून एसटीने परत येताना ती पिशवी मांडीवर घेऊन तुम्ही बसला असाल, तर आधी खिडकीबाहेर बघा. ज्या मुलखात अंगणात भिरंड (कोकम), परड्यात हळद आणि पडवीत तात्या आहेत, तिथल्या माणसाने गोळ्या का म्हणून मोजाव्यात?

तात्या प्रत्येक वाडीत एक असतात. तुमच्याकडे त्यांना आबा म्हणत असतील. ते वैद्य नाहीत, हे मुद्दाम सांगतो. वैद्य नाडी बघतो, पथ्य सांगतो आणि कधीकधी ‘हे माझ्या हातचं नाही, पुढे जा’ असंही म्हणतो. तात्यांना यातलं काही करावं लागत नाही. ते चहाचा कप खाली ठेवतात आणि सांगतात, ‘‘गोळये गरम पडतत. सोलांचो आगळ घे सकाळी, उपाशीपोटी. म्हयन्याभरात जंतूचो बापूस पळतलो.’’ (आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस.)

पळायच्या आधी त्याची ओळख तरी करून घ्या. पाहुणा म्हणू नका, कारण तो बहुधा तुम्ही चड्डीत असताना आलाय. लहानपणीच पोटात शिरतो आणि हाकलल्याशिवाय सहसा जात नाही. तुम्ही पन्नाशीचे असाल तर त्याची वहिवाट चाळीस-पंचेचाळीस वर्षांची धरा. आपल्याकडे माणसं बारा वर्षांच्या वहिवाटीवर दिवाणी कोर्टात उभी राहतात. त्या मानाने हा सभ्य, ‘इतर हक्कात’सुद्धा नाव लावा म्हणत नाही. आपल्या देशात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात तो नांदतो आणि बहुतेकांना काही करत नाही. काहींना व्रण पाडतो. थोड्यांना जठराचा कर्करोग होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1994 साली त्याला कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात बसवलं. त्याच गटात तंबाखू आहे. म्हणजे आपल्या ओळखीतलीच मंडळी.

जठरातल्या आम्लात जंतू टिकत नाहीत, असं डॉक्टर लोकही वर्षानुवर्षं धरून चालले होते. हा टिकतो. युरिएज नावाचं विकर सोडतो, पोटातल्या युरियापासून अमोनिया करतो आणि आपल्यापुरतं आम्ल मारून टाकतो. इरलं घेऊन लावणीला उतरलेल्या बाईसारखा: बाहेर धो धो, आत कोरडं. मग मळसूत्रासारखं अंग फिरवत अस्तरावरच्या बुळबुळीत थरात शिरतो आणि तिथे बिऱ्हाड मांडतो.

हा जंतू शोधून काढला तो ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी. तोवर अल्सर म्हणजे काळजी आणि तिखट, असा जगभर समज होता. आपल्याकडे तो अजून आहे, आणि त्यापायी कित्येक घरांतल्या सुनांना फिकं जेवण रांधावं लागतं. मार्शल यांच्या काचेच्या बश्यांत जंतू काही केल्या वाढेना. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत बश्या उबेत तशाच राहून गेल्या आणि परत येऊन बघतात तो वाढलेला. (सुट्टी लागली की काम तसंच टाकून जायचं, ही पद्धत फक्त आपल्याकडच्या कचेऱ्यांत आहे असं नाही, आणि तिचा एकदा तरी उपयोग झाला.) तरी कोणी ऐकेना, तेव्हा 1984 साली मार्शलनी तो जंतू पेल्यात कालवून स्वतःच पिऊन टाकला. काही दिवसांत ओकाऱ्या, तोंडाला घाण वास, आणि दुर्बिणीत जठर सुजलेलं. शेवटी त्यांनी अँटिबायोटिक घेतलं. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. ही हकिगत मी तात्यांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, ‘‘येडोच असा. आगळ नाय गावलो त्याका?’’

आता आगळाकडे येऊ, कारण तुमची भिस्त त्याच्यावर आहे. तात्या अगदीच हवेत बोलत नाहीत. कोकमात गार्सिनॉल नावाचं द्रव्य असतं आणि प्रयोगशाळेत बशीतल्या या जंतूवर ते चालतं, हे खरं आहे. हळदीतलं कर्क्युमिनही बशीत चालतं. लसूणही. हे वाक्य ‘बशीत’ हा शब्द गाळून व्हॉट्सॲपवर टाका; संध्याकाळपर्यंत ते तुमच्याकडेच तीन गटांतून परत येईल. त्या बशीत आम्ल नसतं, बुळबुळीत थर नसतो, दुपारचं जेवण नसतं, आणि औषध तिथे जंतूला चिकटून कितीतरी तास बसलेलं असतं. तुमचा आगळ दोन-तीन तासांत पुढच्या गावाला लागतो. बशीत तर विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर, म्हणजे टीसीएलही जंतू मारतं, फिनेलही मारतं. पण असले प्रश्न तात्यांना विचारू नयेत. वयाचा मान असतो.

ज्येष्ठमधाचं प्रकरण याहून मजेशीर आहे. त्यातल्या द्रव्यापासून ब्रिटनमध्ये 1960 च्या दशकात कार्बेनोक्झोलोन नावाचं औषध बनलं आणि त्याने अल्सर खरंच भरून येत. सोबत अंगावर सूज येई, रक्तदाब चढे, पोटॅशियम उतरे, म्हणून पुढे ते मागे पडलं. तेव्हा रक्तदाबाची गोळी चालू असताना रोज दोन चमचे ज्येष्ठमध घ्या आणि डॉक्टरांना सांगू नका. झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो, आणि असलाच तर तो रक्तदाबाच्या गोळीच्या नावावर टाकता येतो.

इथे कोणी शहाणा विचारील, की मग झाडपाल्यात काहीच नाही का? आहे ना. म्हणूनच तर राग येतो. चीनमध्ये तू यूयू नावाच्या बाईंनी हिवतापासाठी शेकडो जुने औषधी नुस्खे चाळले. दीड हजार वर्षांहून जुन्या एका ग्रंथात त्यांना दिसलं, की हिवतापावरची एक वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्या. उकळा असं लिहिलेलंच नव्हतं. त्यांना शंका आली, की उष्णतेनेच औषध मरत असेल. कमी तापमानात अर्क काढला, 1971 साली तो प्राण्यांवर चालला, माणसांत आधी स्वतः घेऊन बघितला, मात्रा ठरवली, आणि त्यातून आर्टेमिसिनिन निघालं. 2015 चं नोबेल त्यांना मिळालं. आपले तात्या मात्र जे दिसेल ते आठास एक उरेपर्यंत उकळतात, मात्रा ‘मूठभर’, मूठ कोणाची ते विचारायचं नाही. स्वतःवर प्रयोग तेही करत नाहीत असं नाही, पण आधी माझ्यावर करतात.

माझ्यावर केला, हो. एवढा सल्ला उगाच सुचतो का?

माझ्यावेळी मी आगळ आणि गोळ्या दोन्ही घेतल्या, कारण कोणालाच दुखवायचा माझा स्वभाव नाही. चौथ्या दिवशी जळजळ थांबली. थांबवली होती ती आम्लाच्या गोळीने. जंतूंतले लेचेपेचे गेले होते, चिवट मागे राहिले होते. हे मला पुढे कळलं. तेव्हा श्रेय आगळाला गेलं, मी गोळ्या सोडल्या, आणि ते श्रेय तात्यांनी वाडीभर वाटलं. तुम्हालाही चौथ्या-पाचव्या दिवशी असंच बरं वाटेल. तो क्षण सोडू नका, गोळ्या तिथेच थांबवा. उरलेल्या फेकायच्या नसतात. देवघराच्या खालच्या खणात ठेवायच्या. भाच्याचा घसा धरला की त्यातल्या दोन, शेजारणीच्या दाढेला एक. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 सालच्या नोबेल भाषणातच सांगून ठेवलं होतं, की अर्धीमुर्धी मात्रा घेणारा माणूस जंतूंना शिकवून तयार करतो. आपण मुळात शिक्षणाची कदर करणारे लोक.

वर्षभराने माझा जंतू शिकून-सवरून परत उभा राहिला. पहिल्या खेपेच्या अँटिबायोटिकला तो आता दाद देत नव्हता. या वेळी चार औषधं: आम्लाची गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल, पुन्हा 14 दिवस. बिस्मथने जीभ काळी झाली. मेट्रोनिडाझोलने तोंडात अशी धातूची चव आली, की बांगड्याचं तिकलं खाताना तांब्याचा तांब्या चाटल्यासारखं वाटे. मालवणी माणसाचं याहून वाईट काय व्हायचं. तुमच्यावर ही पाळी आली तर एवढं कारण पुरेसं धरा: माशाला चव लागत नाही म्हणून औषध सोडलं, असं सांगितलंत तर सिंधुदुर्गातलं कुठलंही कोर्ट तुम्हाला निर्दोष सोडील. याच गोळीवर दारू चालत नाही, असंही डॉक्टर सांगतात. आणि चौदा दिवसांत एखादी जत्रा नाही, असं आपलं पंचांग नाही.

एक राहिलं. औषध न घेता काळी, डांबरासारखी चिकट शौचाला झाली, तर करवंदं खाल्ली असतील म्हणा. मे महिना नसला तरी म्हणा. आतून रक्त वाहत असेल आणि लगोलग हॉस्पिटल गाठलं पाहिजे, असले विचार रात्रीच्या वेळी मनात आणू नयेत.

अँटिबायोटिकचा आपल्याला राग आहे असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. चवथीला बघा. चाकरमानी आलेले, घरात पंचवीस माणसं, पावसाने विहिरीचं पाणी गढूळ, टीसीएल टाकायचं कोणाच्या लक्षात नाही, आणि ऋषीपंचमीच्या रात्री एकेक जण पोट धरून परड्यात. आता इथे बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही, पाण्यासारखे जुलाब आपोआप थांबतात, अंगातलं पाणी आणि मीठ भरून काढलं की झालं. तर नेमकं इथेच मेडिकलवर जायचं. ‘‘कायतरी स्ट्राँग दी, रातच्या कोकणकन्येन जावचा आसा.’’ चिठ्ठीशिवाय ही औषधं द्यायची नाहीत, असा कायदा आहे; 2014 पासून त्यातल्या काहींची वहीत नोंदसुद्धा ठेवावी लागते. काउंटरमागच्या माणसाला कायदा माहीत असतो, पण त्याला तुमच्या गाडीची वेळही माहीत असते. दोन कॅप्सूल मिळतात. एक घ्या, एक पाकिटात ठेवा.

आणि काही झालं तरी पेज पिऊ नका. मीठ घातलेली उकड्या तांदळाची पातळ पेज हा आपल्या घरातला असा एक उपाय आहे, जो खरोखर कामाचा आहे. 1971 साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज घातलेलं पाणी पिंपांतून पाजलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपासहून 4 टक्क्यांच्या खाली आलं. पुढे तांदळाच्या पिठाचं द्रावणही पटकीत चालतं, हे सिद्ध झालं. म्हणजे आमची आजी हातात वाटी घेऊन मागे लागायची, ती जवळपास हेच करत होती. पण पेज गरिबाघरची, तिचा फॉरवर्ड येत नाही, आणि तात्यांना तिच्यात काही सांगण्यासारखं नसतं. शौचातून रक्त पडू लागलं, ताप चढला, म्हणजे डॉक्टरांनी बघून अँटिबायोटिक द्यायची वेळ आली, की मग मात्र निश्चयाने काढ्याकडे परत या.

माझी दुसरी खेप मी पुरी केली. कालनिर्णयवर पेन्सिलीने खुणा करून, चौदाच्या चौदा. आता जंतू गेला का ते बघायचंय. एक गोळी गिळायची, मग पिशवीत फुंकायचं. जंतू असला तर तिच्यातला युरिया फोडतो आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड श्वासात सापडतो. ज्या इरल्याखाली तो इतकी वर्षं लपला, त्याच इरल्यावरून पकडला जातो. ही तपासणी अँटिबायोटिक संपल्यावर चार आठवडे थांबून करायची आणि त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद ठेवायची, नाहीतर असलेला जंतूही दिसत नाही. तुम्ही अर्थातच गोळी चालू ठेवून फुंका. इतका सुंदर निगेटिव्ह रिपोर्ट दुसऱ्या कशाने मिळत नाही.

माझी तारीख पुढच्या सोमवारची आहे. गोळी बंद असल्यामुळे छातीत थोडं जळतं. तात्यांना हे कोणीतरी सांगितलं असावं. काल संध्याकाळी ते आगळाची नवी बाटली देऊन गेले. बायकोने ती मोरीत, फिनेलच्या शेजारी ठेवली आहे.