पानवेली काढा, पण नदी खरवडू नका

पाऊस सरला, धरणातून पाणी सोडणं थांबलं आणि गंगेचं, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीचं, पाणी संथ झालं की थोड्याच दिवसांत तेच फोटो फिरायला लागतात. पात्रभर हिरवंगार, वर जांभळी फुलं, आणि खाली "प्रशासन झोपलंय का?" मग यंत्र येतं, काठावर ढिगारे लागतात, पुढारी येऊन जातात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

या पानवेली, म्हणजे जलपर्णी, सांडपाण्यावर माजतात, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. तरी नाले तसेच वाहतायत, त्यावर किती लिहायचं. मला बोलायचंय ते वेगळं. पाण्यात हिरवं दिसलं की घाण, असं आपल्या डोक्यात बसलंय. त्या नादात नदीला ज्या वनस्पती हव्यात त्याही आपण उपटून टाकतोय.

पानवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेचं फूल म्हणून इकडे आली. तिचा फुगीर देठ मोडून बघा, आत नुसता स्पंज, हवेने भरलेला. म्हणून ती तरंगते. तिच्या मुळांना मातीची गरज नाही, पाण्यातलं नत्र-स्फुरद थेट शोषतात. एका रोपाला आडव्या फुटव्यावर दुसरं रोप येतं, आणि ऊबदार, खतावलेल्या पाण्यात साधारण दोन आठवड्यांत संख्या दुप्पट होते. वरून बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. तिची पानं हवेत, त्यामुळे ती तयार करते तो ऑक्सिजनही हवेतच जातो. खाली अंधार. माशांनी करायचं काय?

आता दुसरी बाजू. पाण्याच्या आत वाढणाऱ्या आपल्या देशी वनस्पती तळाचा गाळ धरून ठेवतात, ऑक्सिजन पाण्यातच सोडतात, माशांच्या पिल्लांना लपायला जागा देतात. त्यातली व्हॅलिस्नेरिया तर बघतच राहावी अशी. फितीसारखी लांब पानं, तळात रुजलेली. नर फुलांच्या बारीक कळ्या तळाशीच तुटतात आणि पाण्यावर येऊन उमलतात. मादी फूल लांबलचक देठावर पृष्ठभागापर्यंत येतं, त्याच्याभोवती पाण्याला किंचित खळगा पडतो आणि तरंगणारी नर फुलं त्यात घसरत येतात. परागीभवन झालं की देठ जुन्या लँडलाइन फोनच्या वायरीसारखा पीळ घेतो आणि फळाला खाली ओढून नेतो. पण हे सगळं चालतं ते तळापर्यंत ऊन पोचलं तरच.

सांडपाणी आलं की आधी पाणी हिरवट गढूळ होतं, ऊन अडतं, या वनस्पती मरतात. त्या मेल्या की गाळ मोकळा होतो आणि पाणी आणखी गढुळतं. तलावांच्या अभ्यासातून पुढे आलेली गोष्ट अशी, की एकदा हे चक्र उलटलं की सांडपाणी थोडंफार कमी करून भागत नाही. पाणी बिघडलं त्या वेळी त्यात जितकं खत होतं, त्याच्याही बरंच खाली यावं लागतं, तेव्हा कुठे नितळपणा परततो. म्हणजे आहे ते टिकवणं स्वस्त पडतं. आपण मात्र पात्रात काँक्रीट ओतून ठेवलं. काँक्रीटमध्ये मूळ कुठे धरणार?

शहरातल्या पानवेली पुरात वाहून गेल्या की आपण सुटलो असं वाटतं. पुराची खूण मानला जाणारा नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला की इथे सेल्फी, आणि तिकडे खालच्या अंगाला सायखेड्याच्या पुलाला पानवेलींचा बांध लागतो. त्याच्याही खाली नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), जानेवारी 2020 मध्ये जाहीर झालेलं. गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यात गाळ साचून ही उथळ पाणथळ जागा तयार झाली. हिवाळ्यात आपण तिथे दुर्बिणी घेऊन जातो, पण ते पक्षी येतात कशावर? जांभळी पाणकोंबडी पाणकणसाचे, म्हणजे उथळ पाण्यातल्या उंच गवतासारख्या वनस्पतीचे, कोवळे कोंब खाते, कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो, बदकांना पाणवनस्पतींचं बी आणि कंद लागतात. आपली घाण त्यांच्या ताटात जातेय, हे पक्षीप्रेमींनी तरी बोलावं की नाही?

पाणकणीसही डोक्यावर बसवायची गोष्ट नाही. गाळ वाढला की ते सगळं उथळ पाणी गिळतं. म्हणून ते टप्प्याटप्प्याने कापावं, एका बाजूचं यंदा, दुसऱ्या बाजूचं पुढच्या वर्षी. पानवेल मात्र फुलायच्या आत काढावी आणि काठावर कुजत ठेवू नये, नाहीतर शोषलेलं सगळं खत पहिल्या पावसात परत पात्रात. ढिगारे उचलून खतासाठी लांब न्यावेत.

सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे, घाटांच्या कामांना पैसा येणार, जेसीबी उतरणार. माझी मागणी साधी आहे. ठेकेदाराच्या कामाच्या यादीत "काय काढायचं नाही" असा एक रकाना घाला, आणि घाट नाहीत तिथे काठाची मातीची पट्टी जशी आहे तशी सोडा. कोणती वनस्पती कुठे आहे हे सांगायला परदेशी सल्लागार नको. नाशिकच्या कॉलेजांत वनस्पतिशास्त्राची मुलं-मास्तर आहेत, काम सुरू व्हायच्या आधी त्यांना काठावरून फिरवून आणा.