'पोरांना हात लावत नाही ना, मग पोरं सेफ' म्हणणाऱ्यांसाठी

एक पोस्ट जिकडेतिकडे फॉरवर्ड होतेय. तिचं म्हणणं असं की नवरा बायकोला मारतो तो त्या दोघांचा मामला, बालसंरक्षणवाल्यांनी फक्त मुलांचं बघावं, आणि आई तरीही त्याच घरात राहत असेल तर तीपण तेवढीच दोषी, मुलं सरळ काढून घ्या. लोक हो ला हो करतायत म्हणून लिहितेय.

'मुलांना तर हात लावत नाही.' अहो, खूपदा लावतो. अमेरिकन संशोधक जेफ्री एडलसन यांनी 1999 मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तर बायकोला मारहाण किंवा मुलांचे हाल यातलं एक जिथे होतं अशा साधारण 30 ते 60 टक्के घरांत दुसरंही होतंच. आणि नाही लावला हात तरी काय, आईच्या कडेवर बाळ असतानाच फटका बसतो, मोठा मुलगा मधे पडतो, धाकटी रात्रभर कानोसा घेत जागी. ब्रिटनच्या 2021 च्या कायद्यात असं मूल स्वतःच पीडित धरलंय, नुसतं बघणारं नाही.

'आई निघत का नाही?' कारण निघताना आणि निघाल्यावरच जिवाला सगळ्यात जास्त धोका असतो, हातात पैसा नसतो, आणि 'मुलं तुला मिळू देणार नाही' ही धमकी रोजची. त्यात बालसंरक्षणवाल्यांनीच मुलं नेली तर त्याची धमकी खरी झाली की! न्यूयॉर्कमध्ये नेमकं हेच चालायचं, मार खाल्लेल्या आयांवरच निष्काळजीपणाचा ठपका. 2002 मध्ये फेडरल जज वाइनस्टाइन यांनी ते थांबवलं, 2004 मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टानेही सांगितलं की मुलाने मारहाण पाहिली एवढ्यावरून आई दोषी ठरत नाही. अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्याने 1999 मध्ये घरातली हिंसा मुलाच्या नजरेस पडणं हेच 'दुर्लक्ष' ठरवलं, तक्रारींचा पूर आला, पुढच्याच वर्षी बदल मागे घ्यावा लागला.

कधीकधी मूल बाहेर काढावंच लागतं, आईही मारणारी असू शकते, हे मान्य. पण ते तपासून ठरवा ना, सरसकट कसं?

राहिलं ते, बायकोची मारहाण बघणारं आणि मुलांचं बघणारं अशी 'दोन्ही खाती वेगळी ठेवा'. खरी गडबड इथेच आहे. बालसंरक्षणवाले आईकडून 'मुलांना जपेन' असं लिहून घेतात, बापाला कोणी साधं विचारतही नाही, फाइल तिच्या नावाची. तिकडे महिला हेल्पलाइनवाले मुलांबद्दल विचारत नाहीत, आणि कस्टडीच्या कोर्टात तोच माणूस 'चांगला बाप' म्हणून देखरेखीशिवाय भेटी मिळवतो. एकच माणूस, तीन ठिकाणी तीन चेहरे, कारण कागद एकमेकांना दिसतच नाहीत. (अर्थात आईचा नवा पत्ता शेअर करताना दहादा विचार करा, तो त्याच्या हातात पडला की संपलं.)

अमेरिकेतल्या बाल व कुटुंब न्यायालयांच्या न्यायाधीशांच्या परिषदेने 1999 मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या: शक्य तिथे मूल न मारणाऱ्या पालकाकडेच सुरक्षित ठेवा आणि जाब मारणाऱ्याला विचारा. म्हणजे आईशी एकटीशी बोला, त्याच्या समोर कधीच नाही, आणि रिपोर्टमध्ये 'दांपत्यात वाद' असलं गुळमुळीत न लिहिता त्याने काय केलं, कधी केलं, त्याने मुलाची झोप आणि शाळा कशी बिघडली, ते स्पष्ट लिहा.