फाइलडिर रिकामं करू नका! मूडल बॅकअपच्या ‘पाच उपायां’चा समाचार

‘मूडलमधून कोर्स एक्स्पोर्ट होत नाही? हे पाच उपाय करा’ हा मेसेज कॉलेजांच्या ग्रुपांवर फिरतोय. मूडल म्हणजे कॉलेजं ऑनलाइन कोर्स चालवायला वापरतात ते सॉफ्टवेअर, आणि एक्स्पोर्ट म्हणजे कोर्सची बॅकअप फाइल काढणं. मेसेजातले उपाय असे: मेमरी वाढवा, अपलोड लिमिट वाढवा, कॅशे पुसा, फाइलडिर रिकामं करा, कॉमन कार्ट्रिजमध्ये एक्स्पोर्ट करा. आमच्या विभागातल्या एका मॅडम तो वाचून थेट सर्व्हरवर हात घालायला निघाल्या होत्या, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सगळ्यात घातक उपाय चौथा: ‘डिस्क भरली असेल तर मूडलडेटातलं (सर्व्हरवरच्या मूडलच्या डेटा फोल्डरातलं) फाइलडिर फोल्डर रिकामं करा, मूडल ते परत बनवतं.’ फोल्डर परत बनेलही, आतल्या फाइली कुठून येणार? शिक्षकांच्या पीडीएफ, विद्यार्थ्यांनी जमा केलेल्या असाइनमेंट, सगळं तिथेच असतं. फाइलचं नाव म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला 40 अक्षरांचा एसएचए-1 हॅश (गणिताने काढलेला एक सांकेतिक ठसा), आणि वरच्या फोल्डरांची नावं त्याचीच पहिली चार अक्षरं, दोन-दोन करून. म्हणून ते सगळं कचऱ्यासारखं दिसतं. त्यात एकच पीडीएफ दहा कोर्सांत असली तरी इथे प्रत एकच. ती उडवली की दहाही कोर्सांतून गेली. याच फोल्डरात मूडल स्वतः वॉर्निंग नावाची टेक्स्ट फाइल ठेवतं: इथल्या फाइली हाताने हलवू, बदलू नका. मेसेज लिहिणाऱ्याने ती तरी उघडून पाहायची!

वर फसवणूक अशी की नंतरचा बॅकअप पूर्ण होतोसुद्धा. ‘काही फाइली साठवता आल्या नाहीत’ एवढी एक ओळ येते, ती कोणी वाचत नाही, आणि रिस्टोअर केल्यावर कोर्स पोकळ निघतो.

जागा हवी तर जुने बॅकअप मूडलच्या स्क्रीनवरूनच डिलीट करा. ते आधी ट्रॅशडिर या कचरा-फोल्डरमध्ये जातात आणि क्रॉन (सर्व्हरवर ठरावीक वेळाने आपोआप चालणारं काम) चालल्यावरच डिस्क मोकळी होते, तेव्हा क्रॉन चालू आहे ना ते बघा.

‘मेमरी वाढवा’ हे अर्धं खरं, तेवढं मान्य. पण बॅकअपच्या वेळी मूडल स्वतःच मर्यादा वाढवतं, मूळ सेटिंगप्रमाणे 512 एमबीपर्यंत. लॉगमध्ये मेमरी संपल्याचं स्पष्ट लिहिलं असेल तरच ती आणखी वाढवा. मोठा कोर्स बहुतेक वेळा वेब सर्व्हरच्या टाइमआउटवर, म्हणजे काम मध्येच तोडणाऱ्या वेळमर्यादेवर, अडकतो. त्यावर उपाय म्हणजे सर्व्हरच्या कमांड लाइनवरून, वेब सर्व्हरच्याच यूजरने, मूडलच्या ॲडमिन-सीएलआय फोल्डरमधली बॅकअप स्क्रिप्ट कोर्स आयडी आणि डेस्टिनेशन (बॅकअप ठेवायचं फोल्डर) देऊन चालवणं.

अपलोड लिमिटचा एक्स्पोर्टशी संबंध नाही. ती लागते दुसरीकडे फाइल चढवताना. कॅशे (मूडलने वेग वाढवायला ठेवलेला तात्पुरता डेटा) पुसून फाइलडिरमधली हरवलेली फाइल परत येत नाही. ‘कॉमन कार्ट्रिजमध्ये (कोर्स एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याच्या फॉरमॅटमध्ये) सगळं येतं’ हेही खोटं: त्यात विद्यार्थ्यांचा डेटा येतच नाही.

आधी मूडलचं डीबगिंग (चुका तपशिलात दाखवणारं सेटिंग) ‘डेव्हलपर’ पातळीवर ठेवून एरर नीट वाचा. त्यातूनही उलगडा झाला नाही, तर बॅकअपच्या यादीत अर्ध्या सेक्शनांची टिक काढून चालवा. पूर्ण झाला तर दोष टिक काढलेल्यांत, अडला तर उरलेल्यांत. तो अर्धा पुन्हा अर्धा करत गेलात की नेमकी बिघडलेली क्विझ किंवा असाइनमेंट हाती लागते. काम झाल्यावर डीबगिंग बंद करा, नाहीतर सर्व्हरवरचे पाथ (फाइली कुठल्या फोल्डरात आहेत ते पत्ते) विद्यार्थ्यांच्या स्क्रीनवर दिसू शकतात.