छातीत दुखलं तरी थांबू नका? कोण म्हणतं?

‘जिना चढा, लगेच धावा, दवाखाना विसरा’ असा एक मेसेज सध्या जळगाव-धुळ्याकडच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. असल्या मेसेजांना मी उत्तर देत नाही. पण परवा आमचे जिभाऊ फोनवर म्हणाले, “गोळ्या बंद करून टाकल्या भो. आता रोज जिना अन् पळणं.” जिभाऊंचं वय साठीच्या घरात, आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे अरुंद नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी. मग मात्र डोकं फिरलं.

मेसेजातले दावे असे: दहा मिनिटं जिना आणि धावणं म्हणजे तासभर धावल्याचा फायदा. उतरतानाही पळा, गुडघ्यात वंगण तयार होतं. भर उन्हात करा, घामावाटे चरबी जाते. छातीत आवळल्यासारखं झालं तर थांबू नका, ब्लॉकेज उघडतंय. महिनाभरात रक्त पातळ होतं, मग गोळ्या कशाला? आणि खाली ठसक्यात, ‘कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.’

छातीचंच आधी घेतो, कारण याने माणूस जाईल. जिना चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं. नळी अरुंद असेल तर ते पुरत नाही, म्हणून छाती आवळते, डावा हात किंवा जबडा भरून येतो, आणि थांबलं की बरं वाटतं. हे हृदयविकाराचं अगदी पुस्तकी लक्षण आहे. जोर लावून ब्लॉकेज उघडत नाही. उलट नळीत साठलेला चरबीचा थर फाटून तिथे गुठळी झाली तर उरलेली वाटही बंद होते. दवाखान्यात टीएमटी, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी, करताना छातीला तारा लावलेल्या असतात, डॉक्टर शेजारी उभा असतो, तरी तिथे दुखायला लागलं की पट्टा थांबवतात. आणि आपण घरच्या जिन्यात, एकटे, थांबायचं नाही म्हणे! छातीत दुखलं की बसा. बसूनही कमी होत नसेल तर १०८ लावा.

गोळ्यांचं तर याहून भयंकर. स्टेंट बसवल्यावर देतात त्या गोळ्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून असतात. व्यायामाने ते काम होत नाही. मनाने गोळ्या सोडल्या तर गुठळी होऊन स्टेंटच बंद पडू शकतो. कोणती गोळी किती दिवस, हे डॉक्टर ठरवेल, फॉरवर्ड नाही. जिभाऊंना त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन लावायला लावला.

आता कॅनडा. अभ्यास खरा आहे, हे मान्य करावंच लागतं. मॅकमास्टर विद्यापीठात २०१७ साली झाला. व्यायामाची सवय नसलेल्या, पण निरोगी तरुण बायकांनी २० सेकंद जोरात जिना चढायचा, असं एका वेळी तीनदा, मध्ये विश्रांती. सुरुवातीची आणि शेवटची हलकी हालचाल धरून सगळं दहा मिनिटांत. आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे. दमसास १२ टक्क्यांच्या आसपास वाढला. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यात स्टेंटवाले नव्हते, गोळ्या सोडणं नव्हतं, उन्हातलं पळणं नव्हतं. मेसेज लिहिणाऱ्याने नाव तेवढं उचललं आणि खाली आपल्या पदरचं जोडलं.

‘दहा मिनिटं म्हणजे तास’ हेही त्यात नाही. साधा हिशोब करा. सत्तर किलोचा माणूस जळगाव मनपाची सतरा मजली इमारत पायी चढला, मजला तीन मीटरचा धरला, तर खर्च होतात ३५-४० कॅलरी. कळण्याच्या अर्ध्या भाकरीएवढ्याही नाहीत. दहा मिनिटं भरभर चढत राहिला तरी शंभरेक. तोच माणूस तासाला आठ किलोमीटरच्या चालीने धावला तर साडेपाचशेच्या वर. दमसास वाढणं वेगळं, कॅलरी वेगळ्या. या मेसेजात दोन्हींची खिचडी झालीय.

उतरताना पळण्याबद्दल: साधं उतरतानाही गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो, चढताना त्याहून थोडा कमी. पळत उतरलात तर वंगण राहू द्या, आधी पाय घसरेल. कठडा धरून चालत उतरा. घामावाटे जातं ते पाणी आणि मीठ, चरबी नाही. आणि मे महिन्यात भुसावळच्या दुपारी पळायला निघालेल्याला मी काय सांगणार?

धावण्याला जिन्याची जोड मात्र खरंच चांगली. मांड्या आणि कुल्ले जिन्याने भरतात, तेच चढावर धावताना कामी येतात. ज्याला काही त्रास नाही त्याने आठवड्यात दोन-तीन दिवस मेहरूण तलावाकडे सकाळी सावकाश धावावं, मधल्या एखाद्या दिवशी जिना. एकाच दिवशी दोन्ही करायचं असेल तर जिना थोडाच ठेवा, कारण थकल्या पायांनी पायरी चुकते. चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांनी ही सवय दोन महिने आधीपासून लावली तर गडाच्या पाचशेच्या वर पायऱ्या जड जाणार नाहीत. जिभाऊंनी यंदा पायऱ्यांऐवजी वर नेणाऱ्या ट्रॉलीने जावं. पायऱ्यांचं पुढच्या वर्षी, तेही डॉक्टर हो म्हणाले तर.