कारण : पोट दुखत होतं

शेअर घेण्याआधी तो का घेतोय ते वहीत लिहायचं, असा नियम मी २०१८ साली केला. सीताबर्डीवरून दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही आणली. पट्टीने रकाने आखले : तारीख, भाव, कारण, कधी विकणार. रेघा सरळ आल्या की आपण आता श्रीमंत होणारच, असं उगाच वाटायला लागतं. गाडी अडली ती तिसऱ्या रकान्यात.

पहिलीच नोंद तर्रीपोह्यांच्या ठेल्यावरची. ऑफिसातला एक भाऊ पोह्यांवर दुसऱ्यांदा तर्री ओतून घेता घेता म्हणाला, "घेऊन टाक नं बे. चार रुपयांचा शेअर आहे, आणखी किती पडन?" मी पाच हजार शेअर घेतले. वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरलेलं, म्हणून लिहिलं : 'कारण – आणखी किती पडन.' कंपनी नेमकं काय बनवते, वायर की खत, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. बाजाराने मात्र प्रश्नाचं उत्तर सावकाश, समजावून दिलं. दोन रुपये. मग सव्वा. मग नव्वद पैसे. चाराचे दोन होताना पन्नासच टक्के जातात, पण दोनाचे परत चार व्हायला शंभर टक्के वाढ लागते, हे गणित सातवीत शिकलो होतो. फी मात्र आता भरली. भावाला गाठलं तर तो म्हणाला, "मी कुठं घेतले? मी तुले सांगितलं फक्त."

तेव्हापासून पेन हातात धरलं की घाम फुटतो, आणि तो नागपूरच्या मे महिन्याचा नव्हे. 'साडूने घेतलाय' हे कारण डोक्यात चांगलं भारदस्त वाटतं; निळ्या शाईत उतरलं की तोंड दाखवायला जागा राहत नाही. असे कितीतरी शेअर मी निव्वळ लाजेपोटी घेतले नाहीत.

पण वहीचं खरं पान २३ मार्च २०२०चं. सोमवार. सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी, म्हणजे तेरा टक्क्यांनी कोसळून २५,९८१ वर बंद झाला. त्या रात्री मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मी दीर्घ मुदतीचा गुंतवणूकदार आहे.' खाली दोन रेघा. दुसऱ्या दिवशीची नोंद बारीक आणि तिरकी : 'सगळे विकले. कारण – पोट दुखत होतं.' वर्ष संपता संपता सेन्सेक्स ४७ हजारांच्या पुढे होता. पोट त्याच संध्याकाळी थांबलं होतं.

हे पान बायकोने वाचलं. वही लपवायला हवी होती, पण मागच्या पानांवर दुधाचा हिशोब तीच लिहिते.

४ जून २०२४ला लोकसभेचे निकाल लागत होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं, कूलर घरघरत होता आणि मोबाइलवर सगळं लालेलाल. सेन्सेक्स ४,३८९ अंक खाली. माझा अंगठा 'विका'च्या बटणावर. बायकोने न बोलता वही आणली, ते पान उघडून समोर ठेवलं आणि शेजारी वाटीत ओवा. "पोट ठीक आहे नं?" म्हणाली. मी ओवा चावून झोपलो. दुसऱ्या दिवशी बाजार २,३०३ अंक वर आला. वहीने मला आजवर मिळवून दिलेला सर्वांत मोठा नफा हाच, आणि त्यातही निम्मी भागीदारी ओव्याची.

एक नोंद मात्र माझ्या अक्षरातली नाही. २०२२च्या दिवाळीत ती इतवारीच्या सराफ्यात जायला निघाली. सोनं तेव्हा तोळ्याला पन्नास हजारांच्या आसपास. मी वही पुढे केली. नियम सगळ्यांना सारखा. तिने उभ्या उभ्याच लिहिलं : 'कारण – पाहिजे. कधी विकणार – विकायला घेते का कोणी?'

मी तिला अर्धा तास समजावलं की याला गुंतवणूक म्हणत नाहीत. एप्रिल २०२५मध्ये सोनं लाखावर गेलं, त्या दिवशी तिने ते पान उघडलं आणि 'कारण'समोर लाल पेनाने बरोबरची खूण केली. मग वही उलटी करून दुधाचा हिशोब लिहायला बसली.